दोन्ही चाकं जमिनीवर

आमच्या लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि या एकोणीस वर्षांत माझी एकही चूक झालेली नाही.

हे मी गर्वाने सांगत नाही, नोंद म्हणून सांगते. भात करपला तर पातेलं पातळ होतं. ट्रेन चुकली तर ट्रेन वेळेवर आली होती (टोक्योत हा एक त्रासच आहे). शिरीषचा पासपोर्ट मी वॉशिंग मशीनमध्ये धुतला, तेव्हाही मूळ प्रश्न तो पँटच्या खिशात काय करत होता हाच होता. नोकरीही मी स्वभावाला साजेशी धरली आहे. एका कंपनीच्या हेल्पडेस्कवर बसते आणि दिवसभर लोकांना अदबीने सुचवते की चूक बहुधा तुमच्याकडूनच झाली असावी, एकदा बंद करून चालू करून बघा.

शिरीष, म्हणजे माझा नवरा, एका कारखान्यात क्वालिटी बघतो. त्यांच्याकडे साधा स्क्रू खाली पडला तरी पाच वेळा 'का' विचारायची पद्धत आहे. स्क्रू का पडला? हात निसटला. हात का निसटला? असं करत करत पाचव्या 'का'ला खरं कारण हाती लागतं म्हणे. ही पद्धत घरी आणायचा त्याने मनापासून प्रयत्न केला.

"वैशाली, दूध का उतू गेलं?"

"माझं लक्ष दुसरीकडे होतं."

"दुसरीकडे का होतं?"

"तू प्रश्न विचारत होतास म्हणून."

आमच्या घरात दुसऱ्या 'का'च्या पलीकडे आजवर कोणी पोचलेलं नव्हतं.

आता मूळ मुद्दा. मला स्वस्थ बसता येत नाही. पुण्यात सोळाव्या वर्षी दुचाकी हातात आली ती जपानला येईपर्यंत सुटली नाही. इथे टोक्योच्या एदोगाव भागात आलो आणि माझ्या वाट्याला आली एक सायकल. पुढे बास्केट, मागे इराची खुर्ची. इरा ही आमची मुलगी. तिला शाळेत सोडत, भाजी आणत मी ती सायकल वर्षानुवर्षं चालवली. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा असला तरी लोक लाल सिग्नलला उभे राहायचे, मीही उभी राहायचे, आणि हँडलवर माझे हात शिवशिवत राहायचे. शेवटी इरा पंधरा वर्षांची झाली, तिची खुर्ची पालिकेची मोठ्या कचऱ्याची चिठ्ठी चिकटवून मी बाहेर ठेवली, आणि चारशे सीसीचं लायसन्स काढून एक सेकंडहँड लाल स्पोर्ट बाइक घरी आणली.

शिरीषने अडवलं नाही. फक्त एक अट घातली. त्याचा मोठा भाऊ कॉलेजात असताना बाइकवर करामती करायला गेला होता. त्याचा पाय अजूनही जिना चढताना दुखतो, आणि त्या दिवशी हॉस्पिटलात सगळ्यात आधी पोचला होता तो शिरीष.

"दोन्ही चाकं जमिनीवर," तो म्हणाला. "एवढंच. ज्या दिवशी हे मोडशील त्या दिवशी बाइक विकायची."

"मी काय वेडी आहे का?" मी म्हणाले. (तेव्हा मला खरंच तसं वाटत नव्हतं.)

तीन महिन्यांनी शेजारच्या चिबाला एका बंद पडलेल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानावर मी ओकुदा-सेन्सेईंना, म्हणजे ओकुदा गुरुजींना, पाहिलं. सत्तरीचे गृहस्थ, अंगात मेकॅनिकचा जुना डगला. त्यांनी बाइक हळू पुढे घेतली, पुढचं चाक कमरेइतकं उचललं, तसेच एका चाकावर मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि चहाचा कप ठेवावा तसं ते चाक खाली ठेवलं. या देशात मी इतकी वर्षं राहते, पण इतकी निरुपयोगी आणि इतकी सुंदर गोष्ट इथे पाहिली नव्हती. मी तिथेच त्यांच्या वर्गात नाव घातलं. घरी सांगितलं की रविवारी बाइकवर ताबा ठेवायचा क्लास असतो. हे शंभर टक्के खरं होतं. एका चाकावर ताबा, एवढं फक्त सांगायचं राहिलं.

वर्गात आम्ही चौघं. एक दंतवैद्य, एक तोफूवाले काका, बँकेत काम करणारी एक मुलगी आणि मी. सेन्सेईंचे नियम दोन. पहिला, मनगटाला एक लाल दोरी बांधायची. तिचं दुसरं टोक बाइकला. माणूस खाली पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद होतं. दुसरा नियम, वही. दर रविवारी आज आपलं काय चुकलं ते वहीत लिहायचं, पुढच्या रविवारी वर्गात उभं राहून वाचायचं, आणि मधल्या आठवड्यात त्यावर घरच्यांचा शिक्का मारून आणायचा.

"घरच्यांचा कशाला?" मी विचारलं.

"पडल्यावर ज्यांना हॉस्पिटलात धावत यावं लागणार," सेन्सेई म्हणाले, "त्यांनी आधी वाचलेलं बरं."

आता शिक्का म्हणजे इथे सही. शिरीषचाही एक आहे, आडनाव कोरलेला, बोटाएवढा. तो स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये चिकटपट्टीशेजारी असतो. इराच्या शाळेच्या सूचना, सोसायटीचे कागद, पार्सलं, सगळ्यावर तो मीच मारत आले आहे. त्यामुळे वहीवरही मीच मारला. मला त्यात काही गैर वाटलं नाही. हात आपोआप ड्रॉवरकडे गेला, इतकंच.

खरी अडचण शिक्क्याची नव्हती, चुकीची होती. पहिल्या आठवड्यात माझं पुढचं चाक जमिनीवरून कागदाइतकंही उठलं नाही. मी वाचलं, "चाक उचललं नाही. क्लच जुना आहे."

सेन्सेईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "केरुकारु-सान," (आमचं आडनाव केळकर आहे, पण तो लढा मी कधीच सोडून दिला) "क्लचसाठी वेगळी वही करू या का?"

दुसऱ्या आठवड्यात मी लिहिलं की समोरून वारा होता आणि जमीन ओलसर होती.

"हा हवामानाचा अंदाज झाला," सेन्सेई म्हणाले. "चूक कुठे आहे?"

तिसऱ्या आठवड्यात मी खूप विचार करून, दोनदा खोडून लिहिलं, "माझ्याकडून थोडी चूक झाली असण्याची शक्यता आहे, पण सूचना पुरेशा स्पष्ट नव्हत्या." सेन्सेईंनी लाल पेन काढलं आणि 'पण'पासून पुढचं सगळं खोडलं. म्हणाले, 'पण'च्या पुढचं वाचण्याइतकं आयुष्य आता माझ्याकडे शिल्लक नाही. तोफूवाले काका सहानुभूतीने मान हलवत होते. त्यांचं चाक तोवर गुडघ्यापर्यंत उठायला लागलं होतं, आणि वहीत ते दर आठवड्याला पान भरून स्वतःची लाज काढत होते. मला वाटलं, हा माणूस चुका करण्यात माझ्यापुढे गेलाय.

त्यात घरी बसवेना. शिरीष वर्तमानपत्राचं पान उलटायचा आणि मी दचकायचे. त्याने ड्रॉवर उघडला की मी काहीतरी काम काढून त्याला तिथून हलवायचे. एकदा तो सहज म्हणाला, "वैशाली, शिक्का..." आणि माझ्या हातातली पळी खाली पडली. त्याला फक्त चिकटपट्टी हवी होती आणि शिक्का वाटेत येत होता.

चौथ्या रविवारी सेन्सेईंनी मला फळ्यासमोर उभं केलं.

"चाक का उठत नाही?"

"थ्रॉटलची मूठ मी ऐनवेळी सोडते."

"का?"

"भीती वाटते."

"का?"

"पडले तर घरी कळेल."

"मग घरी कळायची भीती का?"

इथे माझ्या लक्षात आलं की मी तिसऱ्या 'का'ला उत्तर देऊन बसले आहे, आणि हा चौथा आहे. इतक्या खोल पाण्यात मी आयुष्यात उतरले नव्हते. मागे फिरायचा रस्ता दिसेना.

"कारण मी काय शिकते ते घरी माहीत नाही," मी म्हणाले.

सेन्सेईंनी माझी वही उघडली. तीन पानं, तीन लाल शिक्के, अगदी सरळ आणि स्वच्छ. (शिक्का मारण्यात माझा हात कोणी धरू शकणार नाही.)

"घरी का माहीत नाही? हे शिक्के तर आहेत."

दंतवैद्यांनी घसा खाकरला. बँकेतल्या मुलीने दुसरीकडे तोंड फिरवलं, कारण खोटा शिक्का म्हणजे काय हे तिच्याइतकं कोणाला कळणार.

"मी मारलेत," मी म्हणाले.

सेन्सेईंनी वही मिटली. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "पुढच्या रविवारी यजमानांना घेऊन या," ते म्हणाले. "त्यांनी स्वतः शिक्का मारला तर चाक उचलायचं. नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला."

आठवडाभर मी सांगायचं टाळत होते. सोमवारी शिरीष दमला होता. मंगळवारी मी. बुधवारी कचऱ्याचा दिवस. शुक्रवारी मी रजा टाकून सकाळपासून पुरणपोळ्या केल्या, आणि संध्याकाळी त्याच्या ताटात दुसरी वाढता वाढता एका दमात म्हणून टाकलं.

"शिरीष, माझं चुकलं."

त्याच्या हातातली पोळी तुपाच्या वाटीत पडली. चेहरा पांढराफटक.

"रिपोर्ट आले का?" त्याने हळूच विचारलं.

"कसले रिपोर्ट?"

"वैशाली, जे असेल ते सांग. कुठे दुखतंय? डॉक्टर काय म्हणाले?"

समोर इरा जेवत होती. माझी मुलगी कानातले हेडफोन फक्त भूकंप झाला तर काढते. तिने ते काढले आणि जपानीत विचारलं, "आई, तू मरणार आहेस का?"

"अगं कोणी मरत नाहीये!"

"मग माझं चुकलं असं का म्हणालीस?" शिरीषने विचारलं.

मग मी सगळं सांगितलं. मैदान, चाक, वही, शिक्का. पहिली दोन मिनिटं तो निव्वळ आनंदात होता, कारण मला काही झालेलं नव्हतं. मग हळूहळू शब्द त्याच्या डोक्यात शिरत गेले.

"पडली असतीस तर मला कोण सांगणार होतं?"

"त्यांनी फोन केला असता. फॉर्मवर तातडीचा नंबर लिहिलाय ना."

"कोणाचा?"

मी तिसरी पोळी वाढायला घेतली.

"कोणाचा नंबर लिहिलास?"

"माझा," मी म्हणाले.

शिरीष ओरडला नाही. तो ओरडला असता तर मी उत्तर दिलं असतं. तो उठला, ड्रॉवर उघडला, शिक्का घेतला आणि शर्टाच्या खिशात घातला. "माझ्या भावाला बघायला गेलो तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो," एवढंच म्हणाला आणि हात धुवायला गेला. शनिवारी पार्सल आलं तेव्हा मला दारात उभं राहून शिक्क्यासाठी त्याला हाक मारावी लागली. तो आला, शिक्का मारला आणि परत खिशात टाकला. मला खूप वाईट वाटलं. बाइक जाईल याचं वाटत होतंच, पण त्या खिशाकडे बघून जास्त वाटत होतं.

रविवारी मात्र तो आला. "आधी बघतो, मग ठरवतो," म्हणाला. मी बाइकवरून गेले, तो आणि इरा ट्रेनने. त्याच्या पाठीवर एक मोठी बॅग. आत बँडेज, बर्फाची पिशवी, छत्री, विम्याची कार्डं आणि थालीपिठांचा डबा. (संकटाची तयारी करताना आमच्याकडे डबा आधी भरतात.) आल्या आल्या त्याने मैदानाची एक फेरी मारली आणि तीन खडे उचलून बाजूला टाकले.

आणि मग तो सेन्सेईंना भेटला. दोघं कमरेत वाकले. सेन्सेईंनी फळ्यावर लिहून ठेवलेले माझे पाच 'का' दाखवले. शिरीषने खिशातून आपली छोटी वही काढून त्यांना कारखान्यातला स्क्रू समजावला. पाच मिनिटांत दोघं जत्रेत हरवलेले भाऊ भेटल्यासारखे बोलायला लागले. मी हेल्मेट घालून बाइकवर ताटकळत बसले होते. हात शिवशिवत होते, पाय वळवळत होते, इंजिन माझ्यापेक्षा शांत होतं.

"मी सुरू करू का?" मी दोनदा विचारलं. दोघांनी एकाच वेळी थांबायची खूण केली.

शेवटी सेन्सेई म्हणाले, बघितल्याशिवाय यजमान शिक्का कशावर मारणार, तेव्हा आज एकदा उचला. शिरीष माझ्याजवळ आला. आधी त्याने थालीपिठाचा एक तुकडा पुढे केला. "रिकाम्या पोटी नको." मी हेल्मेटची काच वर केली, मनगटाची दोरी काढली, ग्लव्ह काढला, खाल्लं, ग्लव्ह घातला.

"हेल्मेटचा पट्टा?" शिरीषने विचारलं.

"लावलाय."

"ग्लव्ह्ज?"

"आहेत."

"दोरी?"

"शिरीष, सगळं केलंय! आता बाजूला हो ना."

तो गेला. त्याने बॅग कडेच्या पांढऱ्या रेषेपाशी ठेवली आणि कुंपणामागे इराशेजारी उभा राहिला. इराने मोबाईल समोर धरला. मी पहिल्या गिअरमध्ये निघाले, क्लच ओढला, थ्रॉटल दिला, क्लच सोडला, आणि या वेळी थ्रॉटल धरून ठेवला. घरी सगळं माहीत होतं ना! भीती कसली?

चाक उठलं. हँडल छातीपाशी आलं, रस्ता दिसेनासा झाला आणि समोर नुसतं आभाळ. असा आनंद मला इराच्या जन्मानंतर झाला नव्हता. चाक अजून उठलं. मग अजून थोडं. या वेळी उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबायचा असतो, म्हणजे चाक अलगद खाली येतं. मला हे पूर्ण पाठ होतं. ते आठवलं तेव्हा मी सीटच्या मागच्या टोकावरून घसरत होते, आणि सुचेपर्यंत मी मैदानात बसलेली होते. अगदी मांडी घालून.

बाइक थांबली नाही. का थांबावी? दोरी तिच्याच टाकीवर लोंबत होती. ती पुढचं चाक दिमाखात उंच धरून, माझ्याशिवाय, सरळ रेषेत पुढे गेली. चार आठवडे मी जे शिकत होते ते तिने एकटीने करून दाखवलं. तोफूवाल्या काकांनी टाळ्या वाजवल्या (मग त्यांच्या लक्षात आलं). पांढऱ्या रेषेपर्यंत जाऊन बाइक जराशी डगमगली आणि शिरीषच्या बॅगेवर आडवी झाली. बँडेज, बर्फ, छत्री आणि थालीपिठं, सगळी तयारी तिच्याखाली गेली.

शिरीष धावत आला. गुडघे टेकून माझ्या समोर बसला. माझे हात, कोपर, मान, एकेक चाचपून बघत होता.

"कुठे लागलं?"

"कुठेच नाही." (हे पूर्ण खरं नव्हतं, पण ती जागा चारचौघांत दाखवण्यासारखी नव्हती.)

मी त्याच्या 'का'ची वाट बघत होते. माझं उत्तर तयार होतं. थालीपीठ कोणी दिलं? ग्लव्ह कोणामुळे काढावा लागला? दोन 'का'त मी हे प्रकरण त्याच्या दारात नेऊन ठेवलं असतं. पण त्याने विचारलंच नाही. तो नुसता माझं मनगट धरून बसला होता, जिथे दोरी असायला हवी होती तिथे.

"दोरी लावली नव्हती," मी म्हणाले. "तू विचारलंस आणि मी न बघता हो म्हटलं. माझं चुकलं."

मी थांबले. जीभ 'पण'पर्यंत जाऊन परत आली. मग हेच मी जपानीत सेन्सेईंना सांगितलं आणि तिथेच, जमिनीवर बसल्या बसल्या, वहीत लिहिलं. सेन्सेईंनी ते दोनदा वाचलं. शेवटी पेन काढलं आणि पानावर मोठं लाल फूल काढलं. इथे बालवाडीतल्या मुलांना शाबासकी म्हणून काढतात ते. इरा म्हणाली, तिला पहिलीत असं मिळालं होतं.

शिरीषने वही घेतली. ते पान वाचलं, मग मागची सगळी पानंही उलटून बघितली. मला वाटलं, गेली आपली बाइक.

"अट बदलायची," तो म्हणाला. "रस्त्यावर दोन्ही चाकं जमिनीवर. इथे तुला काय उचलायचं ते उचल. दोरी मी बांधणार, दर रविवारी. आणि फॉर्मवर माझा नंबर."

"बरं," मी म्हणाले. बाइकचा आरसा आणि क्लचचा लिव्हर तुटले होते, डबा पापडासारखा चपटा झाला होता, आणि मला रडू येत होतं. शिरीषने खिशातून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि माझ्या वाक्याखाली नीट दाबून मारला. जरा तिरका आला. सवय नाही त्याला.

आता दर रविवारी तो दोरी बांधतो, दोनदा ओढून बघतो, आणि माझं चाक अधूनमधून गुडघ्यापर्यंत जातं. ती वही घरी ड्रॉवरमध्ये असते, चिकटपट्टीशेजारी. परवा मी ते पान पुन्हा नीट बघितलं. चूक माझ्या अक्षरात आहे, हे मान्य. पण इथल्या पद्धतीने कागदावर ज्याचा शिक्का, जबाबदारी त्याची. तेव्हा लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आणि कागदोपत्री माझी अजून एकही चूक झालेली नाही.